जागा एक, पोरी दोन

बिश्केक, आर्चा-बेशिक
९ ऑक्टोबर

अनाश,

तुला निरोप पाठवला की एक खूण उमटते, दुसरी उमटत नाही. मला वाटलं नॉर्वेत पाऊस असेल, तारा तुटल्या असतील. शिवणकारखान्यातल्या पोरींना दाखवलं तर त्या म्हणाल्या, "साइकाल एजे, तारा नाही तुटल्या, तुमच्या लेकीने तुमचा नंबर बंद केलाय." म्हणून कागदावर लिहितेय. कागद बंद करता येत नाही. फार तर फाडता येतो.

आपलं भांडण नेमकं कशावरून झालं, ते मला अजून उमगलेलं नाही. ऑगस्टमध्ये तू आलीस, मी मेंढी कापली, माणसं बोलावली. तुझ्या काकांनी विचारलं, "पोरगी हल्ली काय करते?" मी म्हटलं, "शिकतेय अजून." एवढंच. त्यात वाईट काय होतं? तू ताटावरून उठून म्हणालीस, "अपा, मी शिकत नाही. डॉक्टरेट होऊन सहा वर्षं झाली. मी काम करते." मी म्हटलं, "मग कायमची नोकरी कुठाय?" आता लोक हसले त्याला मी काय करू? मी हसवायला बोलले नव्हते. खरंच विचारत होते. दुसऱ्या दिवशी तू पिशवी उचललीस आणि टॅक्सीत बसताना माझ्याकडे बघितलंही नाहीस.

स्वीडनला दोन वर्षं, कोरियाला दोन, आता नॉर्वेला दोन. अशी गावोगाव फिरणारी माणसं मी दोनच पाहिलीत. एक सर्कसवाले आणि दुसरी तू.

घरी सगळं ठीक आहे. तुझ्या खोलीची खिडकी पुसली. पडदे धुतले. तुझी पुस्तकं हलवली नाहीत, नुसती एका बाजूला सरकवली. का सरकवलीस म्हणशील, तर दुसऱ्या कुणाची पुस्तकं ठेवायची होती.

आता सांगूनच टाकते. तुझ्या खोलीत एक मुलगी राहते. भाड्याने. तू गेल्यावर घर खायला उठायला लागलं. तुझे बाबा होते तोवर निदान त्यांच्या खोकल्याचा आवाज असायचा. कालिपा शेजारीण म्हणाली, तिच्या ओळखीत कुणीतरी खोली शोधतंय, एकटी पोर आहे, अमू दर्या नदीकडची, उझबेकिस्तानातल्या नुकुसची. नाव उल्बोसिन. म्हणजे 'मुलगा होवो'. तिच्या बापाला ओळीने चार मुली, ही चौथी. असं नाव ठेवलं आणि तरी पाचवीही मुलगीच झाली. मी पहिल्या दिवशी ऐकून हसले, मग वाईट वाटलं, मग तीच हसायला लागली.

चहा ओतता ओतता विचारलं, "काय काम करतेस पोरी?"

म्हणाली, "हवेच्या संस्थेत आहे, एजे. पोस्टडॉक."

माझ्या हातून चहा बशीत सांडला. जगात इतके धंदे आहेत, आणि माझ्या दारात येऊन उभं राहावं ते हेच! तुझं काम म्हणून लक्षात ठेवायचा प्रयत्न केलेला तो शब्द मी या घरात दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकला.

जेवत जा.

तुझी अपा


२७ नोव्हेंबर

अनाश,

पत्र मिळालं की नाही, कळायला मार्ग नाही. मिळालं असं धरून लिहिते.

धूर सुरू झाला. वस्तीतल्या सगळ्या घरांत कोळसा पेटलाय, डोंगर दिसेनासे झालेत. उल्बोसिनने तुझ्या खिडकीबाहेर एक पांढरी डबी टांगलीय. ती हवा मोजते म्हणे. हवा बरी असली की हिरवा दिवा, वाईट झाली की लाल. आमच्याकडे ती संध्याकाळी लाल असते. सकाळी बघावं तर जांभळी. जांभळ्याचा अर्थ मी विचारला नाही.

त्या डबीवरून कालिपाशी वाजलं. ती कुंपणापाशी येऊन ओरडली, "साइकाल, तुझी भाडेकरीण माझ्या धुराड्याचे फोटो काढते. सरकारी माणूस घरात ठेवलायस काय?"

मी म्हटलं, "अगं, ती आकाशाचे काढते."

"आकाश माझ्या धुराड्यातून निघतं का? आणि तुझ्या धुराड्यातून काय अत्तर निघतं?"

मी आत निघून आले. कालिपा चुलीत काय काय जाळते ते सगळ्यांना माहीत आहे. तो नायलॉनसारखा वास तिच्याकडूनच येतो, असं मी उल्बोसिनला सांगितलं. तिने मान हलवली. पोर शहाणी आहे, आमच्या कोळशाच्या खोलीत कारखान्यातल्या चिंध्यांची पोती आहेत ती तिने पाहिलीत. बोलली मात्र काही नाही.

एकदा कणीक मळताना मी तिला स्पष्टच विचारलं. म्हटलं, "मला अडाणी समजून सांग. तुम्ही शाळा संपवता, विद्यापीठ संपवता, डॉक्टर होता. मग हे पुढचं काय असतं? शिक्षण की नोकरी?"

ती म्हणाली, "एजे, पोस्टडॉक म्हणजे एक सून. तिच्या हातचं सगळ्यांना आवडतं. घरातलं सगळं काम तिच्याकडून करून घेतात. आणि दोन वर्षांनी गोड बोलून माहेरी पाठवतात. सोबत एक शिफारस देतात, दुसऱ्या सासरी दाखवायला."

"आणि कायमचं सासर?"

"ते फार थोड्या जणींना मिळतं. शंभर जणी रांगेत, एक घर उघडतं."

"मग लोक हे करतात कशाला?"

यावर तिने सांगितलं की तिच्या लहानपणी आटलेल्या समुद्राच्या तळाची मिठाची धूळ उडून घरात यायची, आजी भाकरीवर फडकं टाकायची तरी दाताखाली कचकच लागायची. ती धूळ कुठून उठते, कुठे जाऊन पडते, हे तिला शोधायचं होतं. म्हणाली, "ते शोधल्याशिवाय मला दुसरं काही करावंसं वाटलं नाही. तुमच्या मुलीला विचारा, तीही असंच काही सांगेल."

 तुला असं मी कधी विचारलं होतं का, ते मला आठवेना. विचारलं असेल. आईने विचारलं नाही असं कसं होईल?

तिच्या आईचा फोन येतो तेव्हा ती बाहेर अंगणात जाऊन बोलते आणि नाक लाल करून परत येते. थंडीने म्हणते.

तिकडे मोजे घालतेस ना?

अपा


१६ जानेवारी

अनाश,

मी एक गोष्ट केलीय. चांगली की वाईट, तूच ठरव. माझं डोकं चालत नाही.

उल्बोसिन नाश्त्याला सांगत होती की त्यांच्या संस्थेत एक जागा निघालीय. पोस्टडॉकचीच, पण तीन वर्षांची, आणि काम जमलं तर पुढे कायमची. हवामान, धूर, बर्फ असं काहीतरी. देशाबाहेर गेलेल्या आपल्या लोकांनी परत यावं म्हणून मुद्दाम काढलीय. मी तिला अजून एक भाकरी वाढली आणि पुढचं ऐकलंच नाही. चांगला कोट घातला, मार्शरूतकाच्या छोट्या बसमध्ये चढले आणि संस्थेत गेले.

मुख्य साहेबांचं नाव शारशेन इसायेविच. डोक्यावर केस नाहीत, टेबलावर कागदांचा ढिगारा. मी म्हटलं, "त्या जागेसाठी अर्ज करायचाय."

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "कुणासाठी, एजे?"

"मुलीसाठी."

"मग मुलीने करायचा."

"मुलगी नॉर्वेत आहे. मी इथे आहे. कागद द्या, मी भरते."

"असं नसतं हो. तुमची पात्रता काय?"

"आई."

ते हसले. मग म्हणाले, "ही पात्रता मोठी आहे, पण आमच्या नियमांत बसत नाही." चहा मागवला. मला राग यायला हवा होता, पण चहा गरम होता आणि थांब्यापासून चालून माझे पाय गेले होते. त्यांनी विचारलं, "मुलीचं नाव तरी सांगा." मी तुझं पूर्ण नाव सांगितलं.

अनाश, तो माणूस खुर्चीतून उठला. "अनारकुल? तुम्ही अनारकुलच्या आई?"

त्यांनी संगणकावर एक नकाशा काढला. आपली दरी, वर डोंगर, वर बर्फ. म्हणाले, हिवाळाभर वस्त्यांचा धूर खाली साचून राहतो, मग वसंतात वारा तो दरीने वर चढवतो, काजळी बर्फावर जाऊन बसते, आणि काळं बर्फ उन्हात लवकर वितळतं. किती धूर, कुठल्या वस्तीचा, किती वर जातो, हे पहिल्यांदा तुमच्या मुलीने मांडलं. आम्ही सगळे तिचंच काम धरून पुढे जातो. आणि बोटाने दाखवलं, "ही बघा तुमची वस्ती. आर्चा-बेशिक."

मग म्हणाले, "तुम्हाला माहीतच असेल म्हणा."

मी म्हटलं, "माहीत आहे ना. घरी हेच तर बोलणं असतं."

परत येताना मार्शरूतकात मला बसायला जागा मिळाली होती तरी मी उभीच राहिले, आणि का उभी आहे ते कळेना. तू स्वीडनला गेलीस, कोरियाला गेलीस, आणि तिथे बसून आपल्या चुलीचा धूर मोजत होतीस? मला वाटायचं तू तिकडचं आभाळ मोजतेस. ते बरं सोडून तुला आमचं आभाळ का मोजायचं होतं? आणि तसं होतं तर मला का नाही सांगितलंस? सांगितलं असशील. मी म्हणाले असेन, आधी जेव.

घरी येऊन उल्बोसिनला सगळं सांगितलं. इतक्या आनंदाने सांगितलं, की तिचा चेहरा बघायचं राहूनच गेलं. ती ताटली धूत होती. एकच ताटली खूप वेळ धूत राहिली. मग मला कळलं. तिचा करार मे महिन्यात संपतो. ती जागा बाकीच्यांनाही खुली होती, आणि तीही त्याच जागेवर अर्ज करणार होती.

मी म्हटलं, "तुझा किती टक्के भरवसा होता?"

"अनारकुल अर्ज करणार नसतील तर बराच होता."

"मग मी तिला कळवू की नको?" बघ, कुठल्या तोंडाने मी तिला हे विचारलं! पण विचारलं खरं. इकडे आड, तिकडे विहीर.

तिने नळ बंद केला. "एजे, मी त्यांना काल रात्रीच कळवलंय. त्यांची-माझी ओळख नाही, पण त्यांचे लेख वाचूनच मी या कामात आले. त्यांना माहीत नसताना मी अर्ज केला असता तर मला झोप लागली नसती."

तर तुला हे आधीच माहीत आहे. मार्शरूतकात बसून गेले, माझे पाय उगीच झिजले.

आता मी काय म्हणू? ये म्हणू? तुला ये म्हटलं की तिला जा म्हटल्यासारखं होतं.

अपा


२३ फेब्रुवारी

अनाश,

रविवारी दुपारी मी वळचणीतल्या पिशवीतून वाळवलेले जर्दाळू घेऊन तिच्या खोलीकडे चालले होते. तुझ्या खोलीकडे. दारापाशी पोचले आणि आतून तुझा आवाज आला.

मी घाबरले. मला वाटलं तू आलीस आणि मला न सांगता आत जाऊन बसलीस. मग लक्षात आलं, तू तिच्या संगणकावर बोलतेयस.

मी आत गेले नाही. तिथेच उभी राहिले, जर्दाळू हातात धरून. तुम्ही धुराबद्दल बोलत होतात. मला अर्धं कळलं नाही, पण तुझा आवाज कळला. तू भराभर बोलत होतीस, मधेच तिला तोडत होतीस, "नाही नाही, थांब, असं नाही," असं लहानपणी गणितात म्हणायचीस तसं. ती म्हणाली, "चिंध्या जळतात तेव्हा डबीत वेगळंच दिसतं." तू विचारलंस, "चिंध्या कुणाच्या?" ती म्हणाली, "वस्तीत कुणीतरी जाळतं." तू म्हणालीस, "माझी आई जाळत असेल," आणि दोघी हसलात. इतकं मोकळं हसणं तुझं मी कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं. माझ्यावर हसत होतीस, तरी मला बरं वाटलं. हे मी कुणाला सांगितलं तर वेडी म्हणतील.

तिने विचारलं, "अपांची पत्रं मिळतात का?"

तू म्हणालीस, "मिळतात. तिचं अक्षर लावायला मला अर्धा दिवस जातो."

म्हणजे मिळतात!

आणि मग तिने विचारलं की तिकडचं कसं चाललंय.  म्हणालीस, करार डिसेंबरातच संपला, पुढे पैसे आले नाहीत, एका मैत्रिणीकडे बैठकीच्या खोलीत झोपतेस, तीन ठिकाणी मुलाखती झाल्या, तिन्हीकडून गोड नकार. "अपाला सांगू नकोस," म्हणालीस. "तिला वाटतं मी शिकतेय. वाटू दे."

जर्दाळू परत पिशवीत ओतले. स्वयंपाकघरात येऊन बसले. पोर माझी परक्याच्या बैठकीत झोपते, आणि माझ्याकडे तिची खोली भाड्याने दिलेली आहे! आत जी बसलीय, तिलाही मेनंतर झोपायला जागा नाही. आणि त्या जागेला दार एकच.

तिने अजून मला तुझं सांगितलेलं नाही. मीही तिला सांगितलेलं नाही की मी ऐकलं. एका घरात राहून दोघी एकमेकींपासून तुलाच लपवतो.

गुरुवारी मी तुझ्या बाबांच्या नावाने सात भाकऱ्या तळल्या. तेलाचा वास वर गेला की ते ऐकतात, असं माझी सासू म्हणायची. मग नवस बोलायला बसले. "तिला मिळू दे" म्हणावं तर कुणाला? शेवटी म्हटलं, "दोघींचं बघा." तुझे बाबा हयातीत एका वेळी एकच काम धड करायचे. मेल्यावर सुधारले असतील का, कोण जाणे.

चिंध्यांचं म्हणशील तर पोती मी कारखान्यात परत दिली. कालिपाने विचारलं, "का गं, हल्ली तुझ्या धुराचा रंग बदलला?" मी म्हटलं, "वयाचा परिणाम."

ती मला आधी परक्या बाईला म्हणतात तसं एजे म्हणायची. आता तुझ्यासारखं अपा म्हणते. तुझी हरकत नाही ना? मला स्वतःला बरं वाटतं की वाईट, ते मला सांगता येत नाही.

अपा


२४ मार्च

अनाश,

नूरुझला, नव्या वर्षाच्या दिवशी, तुझा निरोप आला. माझ्या उत्तरावर दुसरी खूणसुद्धा उमटली. मी चष्मा लावून तीनदा वाचला. "अर्ज केला होता. मुलाखत झाली. कुणाला सांगू नकोस." मी कुणाला सांगितलं नाही. फक्त कालिपाला. आणि कारखान्यात. पण अगदी थोडक्यात सांगितलं.

उल्बोसिनची मुलाखतही त्याच आठवड्यात झाली. ती सकाळी माझ्यासमोर उभी राहिली, "अपा, नीट दिसतेय का?" कोटाची खालची दुमड उसवली होती, मी ती अंगावरच शिवली. शिवताना तिने तोंडात दोरा धरला होता, अंगावर कपडा शिवला की अक्कल शिवली जाते म्हणून. हा रिवाज त्यांच्याकडेही आहे. मी तिची अक्कल जपत होते, आणि मनात म्हणत होते, जरा कमी बोलली तरी चालेल. लगेच स्वतःची लाज वाटली. ती दाराबाहेर पडली तेव्हा मी मनापासून म्हटलं, "वाट मोकळी मिळो." आणि दार लावल्यावर तुझं नाव घेतलं. दोन्ही खरं होतं. देवालाही कोड्यात पाडलं असेल मी.

ती परत आली तेव्हा मी विचारलं, "कशी झाली?"

"चांगली झाली," म्हणाली. "शेवटी साहेबांनी विचारलं, अनारकुलच्या कामात काय उणं आहे?"

"मग?"

"जे उणं आहे ते सांगितलं. दोन गोष्टी आहेत. त्या मी त्यांनाही आधी सांगितल्या होत्या." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "रागावलात?"

मी म्हटलं, "मला वीस गोष्टी ठाऊक आहेत. मला विचारायला हवं होतं."

ती हसली, आणि हसता हसता टेबलावर डोकं ठेवून रडायला लागली. दमली असेल. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसले. तुझ्या पाठीवर शेवटचा हात कधी फिरवला होता, तेच आठवत राहिले.

काहीही होवो, मला एक सांग. तुला खरंच इकडे यायचंय, की दुसरीकडे कुठे दार उघडलं नाही म्हणून येतेयस? दोन्ही चालेल मला. पण माहीत असलेलं बरं.

अपा


११ एप्रिल

अनाश,

तुला मिळाली.

तुला माझ्याआधी कळलंय, तरी लिहिते, कारण लिहिल्याशिवाय मला खरं वाटत नाही. मला उल्बोसिनकडून कळलं. ती केक घेऊन घरी आली. मला वाटलं हिलाच मिळाली, आणि माझं काळीज एकदम खाली गेलं आणि वर आलं, आणि कुठलं आधी झालं ते मला सांगता येणार नाही. ती म्हणाली, "अपा, अभिनंदन. अनारकुल येणार." आणि मला मिठी मारली. केक आमच्या दोघींच्या मधे चेपला.

मी विचारलं, "आणि तू?"

"मी नुकुसला. आईकडे. उलानबातरला एक जागा आहे, तिथे अर्ज टाकलाय. तिथे तर धूर इथल्यापेक्षा जास्त आहे. चैन आहे."

रात्रीचं जेवण आम्ही दोघींनी केलं नाही, केकच खाल्ला. कालिपा अभिनंदन करायला आली, बसली, आमची तोंडं बघितली आणि म्हणाली, "इथे लग्न झालंय की मयत?" मी तिच्या हातात ताटली दिली, तिनेही केक खाल्ला.

खोली रिकामी होईल. तुझी पुस्तकं मी परत मधे सरकवीन.

लोक म्हणतात, लेक येतेय, आता सुखाने राहा. मी हो हो म्हणते.

अपा


१४ जून

माझ्या उल्बोसिन,

पोचल्याचा तुझा फोन आला होता तेव्हा घरात माणसं होती, धड बोलता आलं नाही. म्हणून लिहितेय. आता मला पत्राची सवय लागलीय. फोनवर आवाज ऐकला की मी फक्त जेवलीस का, एवढंच विचारते.

अनारकुल आली. विमानतळावर मी तिला ओळखलंच नाही. केस आखूड कापलेत, आणि चालणं परक्या देशातल्या माणसासारखं, कुणाला धक्का लागू नये असं. तिने मला मिठी मारली, पाहुण्याला मारतात तशी. घरी आली, तुझ्या खोलीत, म्हणजे तिच्या खोलीत गेली, खिडकीबाहेरच्या डबीकडे बघत राहिली. म्हणाली, "ही तिने टांगली?" मी म्हटलं, "हो." म्हणाली, "कोन चुकलाय," आणि तसाच ठेवला.

पोरी, तुला खरं सांगते, या मुलीशी कसं बोलायचं ते मला कळत नाही. तुझं मला सगळं कळायचं. तू चिडलीस की बटाट्याची सालं जाड निघायची, खूश असलीस की दारं आपटायचीस. हिचं काहीच बाहेर येत नाही. कप धुऊन ठेवते, "धन्यवाद, अपा" म्हणते. माझ्याच घरात मला धन्यवाद! मी दिवसभर विचार करते की ही आनंदात आहे की नाही, आणि संध्याकाळी ती येते, "छान होता दिवस" म्हणते, खोलीत जाते. इतकी वर्षं मी तिला ये ये म्हटलं. आली ती कोण आली, तेच मला समजेना.

काल सकाळी मी नान लाटत होते. ती जाकीट घालून संस्थेत निघाली होती. मी सहज म्हटलं, "उल्बोसिनला उलानबातरचं उत्तर आलं असेल का? काल कुणीतरी म्हणालं तिकडे..."

ती दाराशी थांबली. म्हणाली, "अपा, तू रोज तिचं नाव घेतेस."

"घेते. राहिली ती इथे."

"तुला ती माझ्यापेक्षा जवळची वाटते."

मी खोटं बोलू शकले असते. तिला बरं वाटलं असतं. पण लाटणं हातात असताना मला खोटं सुचत नाही. म्हटलं, "हो. वाटते. कारण ती माझ्यासमोर रडायची. तू कुणाच्या तरी बैठकीत झोपत होतीस आणि मला ते दाराआडून ऐकावं लागलं."

 मला वाटलं आता परत पिशवी उचलणार. ती फ्रीजकडे वळली, त्यावर कपाळ टेकलं आणि तशीच उभी राहिली. आधी मला कळलं नाही. मग तिचे खांदे हलताना दिसले. म्हणाली, "मला जागा मिळाली ती तिची होती असं मला रोज वाटतं. आणि तू तिचं नाव घेतलंस की पटतं. इथे कुणाला सांगू? तिथेही कुणी नव्हतं सांगायला. सहा वर्षं कुणीच नव्हतं, अपा."

अशा वेळी तिच्या बाबांना सुचलं असतं, ते काहीतरी वेडंवाकडं बोलले असते आणि ती हसली असती. मी नुसती मागे गेले आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. हाताला पीठ आहे हे लक्षातच राहिलं नाही. मी हात फिरवत राहिले आणि ती रडत राहिली, आणि मागे तव्यावर नान करपला. तिने तो वास घेतला आणि नाक ओढत म्हणाली, "डबीत दिसणार हे."

मग तोंड धुतलं. उशीर झाला होता. ती निघाली तेव्हा मी बघितलं, तिच्या काळ्या जाकिटावर पाठभर माझे पंजे उमटले होते, पांढरे. मी म्हटलं, "थांब, झटकते."

तिने वळून आरशात पाहिलं. जरा वेळ पाहत राहिली. म्हणाली, "राहू दे."

आणि तशीच रस्त्याने गेली. कालिपा कुंपणापाशी उभी होती, तिने तिच्या पाठीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा काही बोलली नाही.

उलानबातरचं उत्तर आलं की कळव. नाही आलं तरी कळव. आईला माझा सलाम सांग.

साइकाल